दऱ्यातली पट्टी

एका संगणकातला मजकूर उचलायचा आणि दुसऱ्यात ठेवायचा, एवढेच काम होते. पण त्या मजकुरात एका बुडालेल्या गावाच्या शेतांची नावे होती. दोन्ही संगणक एकाच टेबलावर, एकाच पडद्यावर असूनही त्या कामाला पाच आठवडे लागले.

माळ्यावरचा जुना संगणक खाली उतरवला तेव्हा पत्नी म्हणाली, "अहो, भंगारवाला याचे दोनशे रुपये देतो म्हणतोय. देऊन मोकळे व्हा." तिचे चूक नव्हते. २००३ साली मुलीच्या अभ्यासासाठी घेतलेला तो संगणक. त्याचा पांढरा रंग आता पिवळा पडला होता, पंखा घरघरत होता आणि सुरू व्हायला तो इतका वेळ घेई की तेवढ्यात चहा करून पिऊन व्हावा. तरीही मी तो दिला नाही. कारण त्याच्या पोटात माझ्या वडिलांची वही होती.

आमचे मूळ गाव कोयनेच्या खोऱ्यातले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला धरणाचे पाणी चढले आणि गाव शिवसागराच्या तळाशी गेले. माणसे पांगली. कोणी ठाण्याकडे, कोणी तेव्हाच्या कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, तर कोणी सांगली-सोलापूरकडे. वडील प्राथमिक शिक्षक. ते सांगलीला आले आणि तिथलेच झाले. निवृत्तीनंतर त्यांनी एक नाद घेतला. गावचा माणूस भेटला की त्याला बसवून घ्यायचे आणि विचारायचे, तुमच्या वावराला काय म्हणत? तुमच्या आळीतला झरा कुठल्या बाजूला होता? कुठल्या आंब्याखाली गुरे बसत? उत्तर आले की ते दोनशे पानी वहीत लिहून ठेवायचे. सातबाऱ्यावर शेताला गट क्रमांक असतो. नावे माणसांच्या तोंडात असतात, आणि ती तोंडे एकेक करून मिटत चालली होती.

वडील २००१ साली गेले. दोन वर्षांनी मी ती वही छापायचे ठरवले आणि डीटीपी करणाऱ्या एका मुलाकडून ती टाइप करून घेतली. त्रेचाळीस पाने झाली. त्यानेच आमच्या संगणकात पाने लावण्याची आज्ञावली आणि त्याचा मराठी फॉन्ट घालून दिला. छपाई मात्र 'पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी' म्हणत राहूनच गेली. मग २०१९ चा ऑगस्ट आला. सांगलीत पाणी शिरले आणि तळमजल्यावरच्या कपाटात ठेवलेल्या वहीचा लगदा झाला. शाईच्या पेनाने लिहिलेले काहीही उरले नाही. संगणक माळ्यावर होता म्हणून वाचला.

गावही पाण्यात गेले आणि गावाची वहीही पाण्यात गेली. उरली ती या पिवळ्या पेटीतली त्रेचाळीस पाने. आता सांगा, दोनशे रुपयांत ती कशी देऊ?

यजमान आणि पाहुणा

पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा दिवाळीला आला होता. त्याने पेटी उघडून पाहिली आणि म्हणाला, "मामा, ही डिस्क किती दिवस चालेल सांगता येत नाही. आधी तिची अख्खी नक्कल करून घेऊ. मग तुमचा जुना संगणक तुमच्या नव्या संगणकाच्या आतच चालवू."

"आत म्हणजे?"

"आत म्हणजे आतच. खिडकीसारखा दिसेल."

दोन संध्याकाळी खटपट केल्यावर खरोखरच तसे झाले. नव्या संगणकाच्या पडद्यावर एक चौकट उघडली आणि तिच्यात ते ओळखीचे निळे आकाश आणि हिरवी टेकडी दिसली. माझा २००३ सालचा संगणक! तोच, पण लोखंड-प्लास्टिकाशिवाय. याला 'व्हर्च्युअल मशीन' म्हणतात. आपण 'आभासी संगणक' म्हणू.

ही कल्पना मला अगदी आजची वाटली होती, पण ती माझ्या शाळेच्या दिवसांतली निघाली. १९६० च्या दशकात संगणक खोलीएवढे मोठे आणि अफाट महाग असत. एकच यंत्र अनेकांनी वापरायचे, पण प्रत्येकाला ते आपल्या एकट्याचे आहे असे वाटले पाहिजे, यासाठी अमेरिकेत आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्रात या दिशेने प्रयोग झाले. १९७२ साली आयबीएमने व्हीएम/३७० ही आज्ञावली बाजारात आणली. पुढे संगणक लहान आणि स्वस्त झाले, प्रत्येकाला स्वतःचा मिळू लागला आणि ही युक्ती मागे पडली. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीने ती घरगुती संगणकांवर पुन्हा आणली. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे असावीत, प्रत्येकाची चूल वेगळी आणि दार वेगळे असावे, पाया व छप्पर मात्र एकच असावे, तसा हा प्रकार आहे. आपल्या खऱ्या संगणकाला आणि आतल्या आभासी संगणकाला इंग्रजीत जी नावे आहेत, त्यांचा अर्थ 'यजमान' आणि 'पाहुणा' असाच होतो.

पाहुण्यातली फाईल मी उघडली. पहिल्याच पानावर वडिलांची प्रस्तावना होती. ठसठशीत, शुद्ध मराठीत. मी ती निवडली, कॉपीची कळ दाबली, चौकटीबाहेर येऊन यजमानात एक कोरे पान उघडले आणि पेस्टची कळ दाबली.

पानावर आला आदल्या दिवशी कॉपी केलेला विजेच्या बिलाचा ग्राहक क्रमांक.

भिंत का असते?

भाच्याने मग मला कॉपी म्हणजे काय ते समजावले. इतकी वर्षे आपण ती कळ दाबतो, पण विचार कधी करतो? कॉपी केलेला मजकूर संगणक आपल्या स्मरणातल्या एका तात्पुरत्या कोनाड्यात ठेवतो. या कोनाड्याला 'क्लिपबोर्ड' म्हणतात. त्यात सहसा एकच वस्तू राहते. नवी ठेवली की जुनी जाते, आणि संगणक बंद केला की कोनाडा रिकामा. पाहुण्याला आपण पाहुणे आहोत हे ठाऊकच नसते, तो स्वतःला पूर्ण संगणक समजतो. म्हणून त्याचा कोनाडा वेगळा आणि यजमानाचा वेगळा. मी ठेवले एका कोनाड्यात आणि हात घातला दुसऱ्यात.

दोन कोनाड्यांत ये-जा हवी असेल तर पाहुण्याच्या आत एक मदतनीस आज्ञावली घालावी लागते. एका बाजूला काही ठेवले गेले की ती दुसऱ्या बाजूला पोचवते. पण ती घातल्यावरही परवानगी वेगळी द्यावी लागते. तिथे चार पर्याय असतात : बंद, यजमानाकडून पाहुण्याकडे, पाहुण्याकडून यजमानाकडे, आणि दोन्हीकडे. आमच्याकडे 'बंद' होते.

मी म्हटले, "एवढी सोयीची गोष्ट बंद कशाला ठेवतात?"

भाचा म्हणाला, "मामा, काल तुम्ही बँकेचा पासवर्ड कुठून तरी कॉपी केलात ना? तो कोनाड्यात पडून राहतो. दार दोन्हीकडून उघडे ठेवले तर आतल्या संगणकातला कुठलाही आगंतुक तो वाचू शकतो. तुमच्या या जुन्या विंडोज एक्सपीला ८ एप्रिल २०१४ पासून कंपनीकडून सुरक्षेची डागडुजी मिळत नाही. म्हणून मी त्याचे इंटरनेटही काढून टाकले आहे. आपल्याला फक्त आतून बाहेर आणायचे आहे ना? मग तेवढेच दार उघडू."

मला हे पटले. त्याच्या कार्यालयात तर म्हणे कर्मचारी घरी बसून दूरच्या संगणकावर काम करतात आणि तिथून एक ओळसुद्धा स्वतःच्या संगणकात कॉपी करता येत नाही. मुद्दामच. ग्राहकांची माहिती कोणी खिशात घालून नेऊ नये म्हणून. आपल्यापैकी अनेकांच्या मुली-मुलांची या बंदीवरून रोज चिडचिड होत असेल. तो बिघाड नसतो. ते कुलूप असते आणि ते कोणीतरी विचार करून लावलेले असते.

कात्री आणि डिंक

माझ्या तरुणपणी मी सांगलीतल्या एका साप्ताहिकाची मुद्रिते तपासत असे. तिथे 'कट' आणि 'पेस्ट' हे शब्द अगदी शब्दशः होते. मजकुराच्या ब्रोमाइडच्या पट्ट्या यायच्या, त्या कात्रीने कापायच्या आणि पानाच्या आराखड्यावर डिंकाने चिकटवायच्या. एखादी ओळ घसरून जमिनीवर पडे आणि कोणाच्या तरी चपलेला चिकटून घरी जाई.

संगणकातले कापणे-चिकटवणे आले तेही याच धंद्यातून. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट या दोघांनी १९७४-७५ च्या सुमारास 'जिप्सी' नावाची लेखन-आज्ञावली तयार केली. ती होती बॉस्टनच्या एका पाठ्यपुस्तक प्रकाशकाच्या संपादकांसाठी. संपादक कागदावर जसे काम करतात तसेच त्यांना पडद्यावर करता यावे, म्हणून उचलणे आणि चिकटवणे ही जोडी त्यांनी संगणकात आणली. टेस्लर १९८० साली ॲपलमध्ये गेले. १९८३ चा 'लिसा' आणि १९८४ चा 'मॅकिंटॉश' या संगणकांबरोबर ही जोडी जगभर पोचली. झेड, एक्स, सी, व्ही या चार कळा कळफलकावर शेजारीशेजारी आहेत, त्यामुळे एका हाताने काम भागते. टेस्लर फेब्रुवारी २०२० मध्ये वारले. त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक असेल, पण त्यांचे काम दिवसातून कितीदा आपल्या बोटांखालून जाते!

या कळांच्या शेजाराने मला मात्र एकदा घाम फोडला. सी ऐवजी माझे बोट एक्सवर पडले आणि सतरा पानांचा मजकूर कापला गेला. मी गोंधळलो, फाईल बंद केली, आणि 'बदल जपून ठेवायचे का?' या प्रश्नाला सवयीने 'हो' म्हटले. सतरा पाने गेली. रात्री अकराला मी भाच्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "मी निघताना त्या संगणकाचा एक स्नॅपशॉट घेऊन ठेवलाय मामा. त्या क्षणाला परत जाता येईल." सांगेल तसे मी दाबत गेलो आणि आतला संगणक दिवाळीच्या पाडव्याच्या संध्याकाळी परत गेला. सतरा पाने जागच्या जागी होती. खऱ्या संगणकात ही सोय मी तरी पाहिलेली नाही, आणि आयुष्यात तर ती नाहीच.

कपडे दारातच राहिले

आता दार उघडले होते. मी प्रस्तावना कॉपी केली, बाहेर येऊन पेस्ट केली, आणि पानावर उतरली इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि डॉलरच्या खुणांची एक मिसळ. मराठीचे एक अक्षर नाही.

आपल्यापैकी ज्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मराठीत काही टाइप करून ठेवले असेल, त्यांनी हे चित्र कधी ना कधी पाहिले असेल. त्याचे कारण असे. संगणक अक्षरे ओळखत नाही, तो आकडे ओळखतो. कुठला आकडा म्हणजे कुठले अक्षर हे आधी ठरवावे लागते. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली 'इस्की' हे प्रमाणक ठरले, आणि त्याच वर्षी जगातल्या लिप्यांना एका तक्त्यात बसवू पाहणाऱ्या 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती आली. तिच्यात देवनागरी होती. पण छपाईच्या धंद्याला थांबायला वेळ नव्हता. फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक सोपी वाट काढली : इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवायची. त्यामुळे पडद्यावर मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजीच असे. मराठीपण सगळे फॉन्टमध्ये, म्हणजे कपड्यांत होते. मजकूर दारातून बाहेर पडताना कपडे आत राहिले.

तुम्ही म्हणाल, मग तो फॉन्टच उचलून नव्या संगणकात का टाकला नाही? टाकला असता आणि मजकूर दिसलाही असता. पण फक्त माझ्या पडद्यावर. ठाण्याच्या चुलतभावाला मोबाईलवर पाठवला की पुन्हा डॉलर आणि कंस. 'झरा' असा शब्द शोधला तर सापडला नसता, कारण संगणकाच्या लेखी त्या फाईलमध्ये झरा नव्हताच.

म्हणून मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे भाग होते. त्यासाठी तयार आज्ञावल्या मिळतात. त्यांचे काम दिसते तितके सोपे नाही. जुन्या फॉन्टमध्ये 'ग' हे एक अक्षर नसे. अर्ध्या ग चे एक चित्र आणि काना हे दुसरे, असे दोन तुकडे असत. 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी डावीकडे दिसते म्हणून ती आधी टाइप करत, टंकलेखन यंत्रासारखी. युनिकोडमध्ये आधी क आणि मग वेलांटी, जसे आपण उच्चारतो तसे. रफार तर अक्षराच्या डोक्यावर बसत असल्याने जुन्या फॉन्टमध्ये शेवटी येई, आता तो आधी यावा लागतो. थोडक्यात, चित्रांवरून उच्चार शोधायचे काम. आज्ञावलीने ते पाऊण मिनिटात केले आणि त्रेचाळीस पाने समोर ठेवली. वडिलांची भाषा, वडिलांचे शब्द. मी चाळून पाहिले. सगळे ठीक वाटले.

"दर्या कुठनं आला रं?"

आमची आत्या सत्त्याऐंशी वर्षांची आहे. वडिलांची सगळ्यांत धाकटी बहीण. गाव सोडले तेव्हा तिचे लग्न झालेले होते. तिला दिसत कमी, पण ऐकू स्वच्छ येते. एका रविवारी मी मुद्दाम तिच्याकडे गेलो आणि पाने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ती डोळे मिटून ऐकत होती. मध्येच हुंकार देई. एखाद्या वावराच्या नावाला हसे आणि त्या वावरावरून झालेल्या भांडणाची हकीकत सांगे.

आठव्या पानावर मी वाचले, "दर्यातली पट्टी."

आत्याने डोळे उघडले. "काय म्हनलास?"

मी पुन्हा वाचले.

"दर्या कुठनं आला रं आपल्यात? दर्या तिकडं कोकनात. ती दऱ्यातली पट्टी. आपलीच हुती. दोन डोंगरांच्या मधी दरा हुता, त्येच्यात. तुझ्या आज्यानं मला तिथं नाचणी राखाय बसवली हुती."

मी पुन्हा पाहिले. कागदावर रफार होता आणि हवा होता आडवा, अर्धचंद्रासारखा र. मराठीत हा फरक जीवघेणा आहे. आचार्यांना दक्षिणा देतात आणि आचाऱ्यांना पगार, हे आपण शाळेत शिकलो. हिंदीला हा र लागत नाही. युनिकोडच्या तक्त्यात त्याच्यासाठी ऱ ची स्वतंत्र जागा आहे, पण माझी आज्ञावली बहुधा हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेली असावी. तिला जिथे जिथे हा र भेटला, तिथे तिने प्रामाणिकपणे रफार दिला. शुद्धलेखन तपासणाऱ्यालाही ती चूक सापडली नसती, कारण 'दर्या' हाही चांगला मराठी शब्दच आहे. मलाही ती सापडली नाही, कारण मी ते शेत कधी पाहिलेच नव्हते.

आणि खरे सांगायचे तर, त्या पट्टीवर आज खरोखरच दर्या आहे. पुढे कोणी वाचले असते तर त्याला ते नाव शोभूनही दिसले असते. चूक अशी खरी वाटू लागली की मग ती दुरुस्त कोण करणार?

त्यानंतरचे चार रविवार मी आत्याकडे जात राहिलो. यजमानाच्या पडद्यावर एका बाजूला जुन्या संगणकाची चौकट आणि दुसऱ्या बाजूला नवा मजकूर, अशी दोन्ही शेजारी ठेवून मी आधी घरी ओळ न् ओळ ताडून पाहायचो आणि मग तिला वाचून दाखवायचो. एकूण एकतीस चुका निघाल्या. त्यांतल्या सत्तावीस मला सापडल्या. उरलेल्या चार चुका तिने कानाने पकडल्या. त्यांतल्या दोन तर आज्ञावलीच्या नव्हत्याच. २००३ साली टाइप करतानाच झालेल्या होत्या आणि तेव्हा मुद्रिते तपासणारा मीच होतो.

या अनुभवावरून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. घरात जुना संगणक, सीडी किंवा फ्लॉपी असेल आणि तीत कोणाचे लिखाण असेल तर भंगारात देण्याआधी तिची पूर्ण नक्कल करून घ्या. डिस्क मरताना सूचना देईलच असे नाही. दोन संगणकांमधले दार हवे तेवढेच आणि हव्या त्याच दिशेने उघडा, आणि काम झाले की लावून घ्या. पासवर्ड किंवा बँकेचा सांकेतिक क्रमांक कोनाड्यात ठेवून विसरू नका, त्यावर दुसरे काहीतरी कॉपी करा म्हणजे तो जातो. आणि रूपांतर झालेला मजकूर त्या विषयाच्या जाणत्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. हे शेवटचे काम कोणत्याही आज्ञावलीकडे देता येत नाही, आणि त्यासाठी वेळही फार नसतो.

त्रेचाळीस पाने मी गावच्या जेवढ्या लोकांचे नंबर मिळाले तेवढ्यांना मोबाईलवर पाठवली. या वेळी डॉलर आणि कंस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी रायगडातून एका वृद्ध गृहस्थांचा फोन आला. मी त्यांना कधी भेटलेलो नाही. म्हणाले, "गुरुजींनी सगळं लिहिलंय, पण आमच्या आळीमागचा झरा राहिला. त्याला आम्ही खापरीचं पाणी म्हणायचो. उन्हाळ्यात सगळं गाव तिथं यायचं."

मी फाईल उघडली, झऱ्यांच्या यादीच्या शेवटी गेलो आणि ते नाव टाइप केले. ते कॉपी करायला कुठेच नव्हते.